दाढांची हद्द

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या हातात बॅग नव्हती, बादली होती. बॅग टॅक्सीवाल्याने वर आणून टेकवली. बादलीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्या वाटेभर ती मांडीवर घेऊन बसले होते आणि गाडीतला पट्टाही तिच्याच भोवती बांधला होता. दार उघडून मी तोंडभर "या, या बाबा" म्हणालो, तर ते म्हणाले, "आधी तुमच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान सांगा."

बादलीत माझ्या सासूबाईंचं झाड होतं. झाड म्हणजे कोरल, प्रवाळ. गुलाबी, नाजूक फांद्यांचं, सावकाश वाढणाऱ्या जातीचं. नखाएवढ्या तुकड्यापासून अकरा वर्षं सांभाळून सासूबाईंनी ते मुठीएवढं केलं होतं. त्या जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या टाकीतलं बाकी सगळं एकेक करून संपलं, हे तेवढं उरलं. सासरे त्याला 'हिचं झाड' म्हणत.

राहायला आले असं आपलं मी म्हणतो. ते स्वतः नुसतं "बघू" म्हणत होते. काही महिन्यांपूर्वी ते आपल्या घरी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. दारातलं वर्तमानपत्र उचललेलं नाही हे शेजारणीच्या लक्षात आलं म्हणून वाचले. तेव्हापासून माझ्या बायकोच्या जिवाला घोर लागला होता. त्यांनी फोन उचलायला उशीर केला की ती इकडे चप्पल घालायला लागायची. महिनाभर तिने त्यांच्या विनवण्या केल्या, भांडण केलं, अबोलाही धरून पाहिला. शेवटी ते आले, पण आल्या आल्या त्यांनी अट घातली.

"हिचं झाड तुमच्या पाण्यात सहा महिने जगलं, तर मी राहीन. नाहीतर माझं घर मला आहेच."

माणूस सरकारी मोजणीदार. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून, हद्दी ठरवून निवृत्त झालेला. त्यांनी तिथल्या तिथे वहीत तारीख घातली. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ऐकलंत ना? सहा महिने. त्या झाडाला काही झालं ना, तर मी बाबांना नाही विचारणार. तुम्हाला विचारीन."

आता माझ्याबद्दल. मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी मेण, प्लास्टर आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिक यांतून हिरड्या घडवतो आणि त्यांत दात बसवतो. दिवसभर लोकांचे जबडे बघून झाले की संध्याकाळी काहीतरी बिनदातांचं बघावंसं वाटतं, म्हणून बैठकीच्या खोलीत ही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली. तिच्यात माझी बहुतेक मंडळी मऊ जातीची. बटणांसारखी, छत्र्यांसारखी, लोळत पडल्यासारखी कोरलं. मंद उजेड चालतो, पाणी जरा मळकट असलं तरी तक्रार नाही. थोडक्यात, माझ्यासारखीच.

सासूबाईंचं झाड कडक जातीचं. त्याला लख्ख उजेड हवा, खळखळतं पाणी हवं, आणि पाण्यात काय किती आहे ते रोज तपासायला हवं. बरं, मऊ कोरलं दिसायला गरीब असली तरी आतल्या गाठीची असतात. पाण्यात गुपचूप असं काहीतरी सोडतात की कडक कोरलांची वाढ खुंटते. त्यासाठी कोळशाची पिशवी टांगावी लागते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझी लाडकी मशाल, हेही एक कोरलच. हिची बोटं सोनेरी, लांब, पाण्याबरोबर डुलणारी. दिवसा बघावं तर गोगलगाय. टाकीतले दिवे गेले की मात्र तिच्यातून बारीक धागे निघतात, लांबलांब जातात आणि हाती लागेल त्या शेजाऱ्याला डसतात.

मी सासऱ्यांना आमच्या दुकानदाराकडे घेऊन गेलो. हा मासे आणि कोरलं विकतो आणि गिऱ्हाइकाला मूर्ख समजतो, जे बहुतेक वेळा बरोबर असतं.

"सगळे एका टाकीत राहतात हो," तो म्हणाला. "फक्त कुणाचा हात कुणाला पोचता कामा नये. मशालीपासून बाकी सगळे एक वीत लांब ठेवा, झालं."

"वीत कुणाची?" सासरे म्हणाले.

"अं?"

"तुमची, की आमच्या जावईबापूंची?"

दुकानदाराने आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकापुढे मान तुकवली आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी खिशातून टेप काढून त्याची वीत मोजली. साडेएकवीस सेंटिमीटर.

घरी आल्यावर मोजणी सुरू झाली. सव्वा मीटरच्या टाकीला त्यांनी तीन दिवस घेतले. काचेवर पेन्सिलीने खुणा केल्या, टाकीत ओळंबा सोडला, मला हात कोपरापर्यंत पाण्यात घालून उभं केलं आणि "डावीकडे. तुमचं डावं नव्हे, टाकीचं डावं," असं करत माझ्या नाकी नऊ आणले. मऊ मंडळींना पश्चिम बाजू, झाडाला उजेडाखालची पूर्व बाजू, मशालीला मधला खडक. नकाशा तयार झाला. मग म्हणाले, "हद्दीला दगड लागतील."

साधा दगड खाऱ्या पाण्यात काय सोडेल ते सांगता येत नाही. माझ्याकडे मात्र चिनी मातीच्या दाढांचा डबा होता. रंग जुळला नाही म्हणून डॉक्टरांकडून परत आलेल्या. सासऱ्यांनी त्यांतल्या नऊ निवडल्या, प्रत्येकीला नंबर दिला आणि नकाशाप्रमाणे वाळूत रोवून घेतल्या. पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं, 'हद्द कायम', आणि खाली सही केली.

तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे कौतुकाने टाकीपाशी जायचे, वाकून बघायचे आणि एकदम गप्प व्हायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला हळूच विचारलं होतं, "तुमच्याच का?"

दोन महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सासरे झाडाची उंची मोजत. आले तेव्हा त्र्याण्णव मिलिमीटर, दोन महिन्यांनी चौऱ्याण्णव. तो एक मिलिमीटर बायकोने फोन करकरून अख्ख्या नात्यात पोचवला. सासरे टाकीसमोरच्या खुर्चीत रुळले. आमच्या घरातल्या कुठल्या फरशीचा उतार चुकला आहे ते त्यांनी शोधून काढलं. माणूस घरात रमत असल्याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

मग ते चार दिवस त्यांच्या बहिणीकडे गेले, आणि मी माती खाल्ली.

मला सर्वांत जास्त काम देणारे डॉक्टर त्या दिवशी चहाला येणार होते. त्यांना बसवायच्या खुर्चीवरून मशाल दिसत नव्हती, खडकाचा कोपरा आड येत होता. मी तिला चार बोटं उजवीकडे सरकवली. पाच नंबरची दाढ वाटेत आली, ती उपटून मागे रोवली. चार बोटांनी काय होतंय, असं माझ्या मनात आलं. डॉक्टर आले, टाकीकडे पाठ करून बसले, पाऊण तास गाडी लावायला जागा मिळत नाही यावर बोलले आणि गेले. मी मशाल परत मागे घ्यायला विसरलो.

सकाळी झाडाची एक बाजू पांढरी होती. फांद्यांवरचा रंग कुणीतरी बोटाने पुसून घेतल्यासारखी. मी मशाल हलवली, पाणी बदललं, दुकानदाराला दोनदा फोन केला. पण एकदा सुरू झालं की ते थांबत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत नुसता सांगाडा उभा होता.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, कोपरापर्यंत ओल्या हातांनी मी तिथेच खुर्चीत बसून रडलो. सासुरवाडीत माझ्या विनोदांना मनापासून हसणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सासूबाई. आणि त्यांचं अकरा वर्षांचं झाड मी एका डॉक्टरच्या पाठीसाठी मारलं होतं.

बायकोला झाड गेल्याचं सांगितलं. दाढ हलवल्याचं मात्र तोंडातून निघेना. ती टाकीपाशी गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा परवा येतायत."

"हो."

"घरी परत जायचं म्हणतील. तिसरा मजला, ओली फरशी आणि एकटे."

"हो."

"तुम्ही कवळ्या करता ना?"

"हो."

"मग?"

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी म्हणालो की हे शक्य नाही. मग तिने माझ्याकडे असं काही बघितलं की ते शक्य झालं.

सांगाड्याचं माप घेतलं, मेण ओतलं, प्लास्टरचा साचा केला. हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक सासूबाईंच्या झाडाच्या रंगाला इतकं जुळलं की माझा मीच चकित झालो. हिरडी खरी वाटावी म्हणून त्यात तांबडे बारीक धागे मिसळतात, रक्तवाहिन्यांसारखे. फांद्यांवर लांबून तेही शोभून दिसले. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. माझ्यापायी दोन म्हाताऱ्यांना आणखी आठवडाभर मऊच जेवावं लागलं. पण काम असं उतरलं की बस. डावी बाजू उजवीसारखी, टोकं घासून गुळगुळीत, ओळंब्यात सरळ. मशाल जागेवर गेली, पाच नंबरची दाढ जागेवर गेली, झाड वाळूत उभं राहिलं. सांगाडा मी कवळीच्या डब्यात घालून लॅबच्या खणात ठेवला. टाकून द्यायला हात धजला नाही.

सासरे आले ते बॅग हातात घेऊनच टाकीपाशी गेले. उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बायको स्वयंपाकघराच्या दारात एकच पेला तिसऱ्यांदा पुसत होती.

त्यांनी टेप काढली, काचेला लावली. "चौऱ्याण्णव," म्हणाले. वहीत लिहिलं. नेहमीपेक्षा जास्तच लिहिलं.

"काय लिहिलंत बाबा?" बायकोने विचारलं.

"नोंद," ते म्हणाले. "चहा आहे का?"

आमचा जीव भांड्यात पडला. आता काय, झालं, असं मला वाटलं. पण झालं नव्हतं, कारण झाड वाढायला हवं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारच्या आधी मी ते गुपचूप बाहेर काढून टोकांना दोन मिलिमीटरची भर घातली. सासऱ्यांनी मोजलं. "शहाण्णव. वा." त्या 'वा'ने माझी बुद्धी फिरली. त्याच्या पुढच्या महिन्यात मी तीन मिलिमीटर घातले.

"नव्याण्णव," सासरे म्हणाले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "भलतंच बाळसं धरलंय."

"कॅल्शियम वाढवलंय बाबा," मी म्हणालो. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याच्या पुढच्या महिन्यात मी भीतीने काहीच वाढवलं नाही. "काही महिने असे जातात," सासऱ्यांनीच माझी समजूत घातली.

शेवटच्या महिन्यात तर मी पकडलाच जाणार होतो. संध्याकाळी पाच ते सहा ते फिरायला जात. जाताना कवळी काढून न्हाणीघरातल्या ग्लासात ठेवत. फिरताना कुणाला चावायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ही कवळी सात वर्षांपूर्वी मीच केलेली, माझ्या हातचं सर्वांत उत्तम काम. त्या दिवशी ते गेल्यावर मी झाड काढलं, टोकांना एक मिलिमीटर लावला आणि मुरायला म्हणून दुसऱ्या ग्लासात पाणी घेऊन त्यात उभं केलं. इतक्यात किल्ली वाजली. त्यांचा फिरायचा जोडीदार आला नव्हता.

ते थेट न्हाणीघरात. मी दारात. बेसिनवर दोन ग्लास शेजारी शेजारी. एकात कवळी, एकात सासूबाईंचं झाड. दोन्ही गुलाबी, दोन्हींत तांबडे धागे. ते क्षणभर थांबले. मग त्यांनी बरोबर आपला ग्लास उचलला, कवळी तोंडात बसवली, दोनदा दात वाजवून बघितले आणि म्हणाले, "टाकीतलं पाणी जरा कमी झालंय, बघा." बाहेर जाऊन ते टाकीसमोर वर्तमानपत्र उघडून बसले. टाकीत झाड नव्हतं. वीस मिनिटं त्यांनी कागदावरून नजर वर केली नाही. मग त्यांना डुलकी लागली आणि मी झाड परत रोवलं. चष्मा खिशात होता त्यांचा, असं मी बायकोला सांगितलं. आपलं नशीब जोरावर आहे, असंही सांगितलं.

त्याच आठवड्यात माझ्या मऊ मंडळींतलं एक हिरवं बटण हद्द ओलांडून झाडाच्या बुंध्यावर चढून बसलं. सासऱ्यांनी काचेवर कागदाचा कपटा चिकटवला. 'अतिक्रमण. पंधरा दिवसांत हटवावे.' बटणाने दाद दिली नाही.

सहा महिने पुरे झाले तो दिवस रविवारचा होता. बायकोने सकाळपासून तिसऱ्यांदा केर काढला. सासरे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून टाकीपाशी आले. टेप लावली.

"शंभर," ते म्हणाले.

त्यांनी वहीत लिहिलं, मग वही मिटण्याऐवजी माझ्या हातात दिली. "वाचा जावईबापू. मागचं पान. मी बहिणीकडून आलो तो दिवस."

त्यांचं अक्षर मोत्यासारखं. दिनांक, उंची, शेरा, असे तीन रकाने. शेऱ्यात लिहिलं होतं: 'हिचं झाड गेलं. जावयाने दुसरं करून बसवलं. काम हुबेहूब, फक्त सरळ. वाढ बघू.'

मी वाचलं ते बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं. तिने ते पान परत एकदा वाचलं.

"बाबा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून…"

"माझ्या तोंडात सात वर्षं यांचंच काम आहे," ते म्हणाले. "हा गुलाबी रंग मी रोज सकाळी ग्लासात बघतो. धाग्यांसकट. आणि हिचं झाड कधीच सरळ नव्हतं. डावीकडे कलतं होतं. मी ओळंबा लावायचो, ती हसायची." त्यांनी वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "जावईबापू, आणखी एक. हिच्या झाडाने वर्षात आठ मिलिमीटरच्या वर मजल मारली नाही. तुम्ही दोन महिन्यांत पाच वाढवलंत. घरातल्या कुणी ना कुणी ओळखलं असतं."

मी वही मिटली. "बाबा, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मेलेलं झाड जिवंत ठेवायला दोन माणसं चार महिने धडपडतायत. एक पेले पुसतंय, एक चोरासारखं टाकीत हात घालतंय. मी म्हटलं, कुठवर जातात बघू." त्यांनी खिशातून किल्ली काढून बायकोच्या ओंजळीत ठेवली. त्यांच्या घराची होती. "सहा महिने सांगितले होते. सहा महिने झाले."

मग वही माझ्याकडून घेतली आणि आजच्या तारखेपुढे, शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: 'कायम.' सही केली. काचेवरची अतिक्रमणाची नोटीस नखाने खरवडून काढली. "राहू दे त्याला. खरं आहे ते एकटंच त्या झाडावर."

बायको रडत होती आणि हसतही होती. मी बाह्या वर केल्या आणि विचारलं, "बाबा, डावीकडे किती कलतं होतं?"

ते उठून टाकीपाशी आले, ओळंबा आणायला मात्र गेले नाहीत. मी पाण्यात हात घालून झाडाचा बुंधा हळूहळू डावीकडे कलता केला.

"आणखी. थोडं आणखी. बस." त्यांनी टेप खिशात घातली. "अशीच उभी राहायची ती. कमरेवर हात ठेवून."

मी हात तसाच धरून ठेवला. मशाल आणि ते चहा पिऊन गेलेले डॉक्टर यांच्याबद्दल आता सांगून टाकावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"आणि हात पाण्यात आहेच तर," सासरे म्हणाले, "ती पाच नंबरची दाढही सुलटी करून टाका. चार महिने उलटी आहे."